चौदा घरं आणि एक सायलेन्सर

तक्रार अर्ज घेऊन तोमोए नगर कार्यालयात पोचली तेव्हा बाहेर पावसाची बारीक झड लागली होती, आणि पर्यावरण विभागाच्या खिडकीमागचा माणूस पेन्सिलीला टोक काढत होता. फार मन लावून काढत होता. एवढं टोक लागेल असं काही त्या गावात गेल्या कित्येक वर्षांत घडलेलं नव्हतं.

अर्ज तिचा नव्हता, आळीतल्या चौदा घरांचा होता. आळीच्या प्रमुखपदाची पाळी यंदा तिच्या, म्हणजे हिराबायाशींच्या घराकडे आली होती. ही पाळी दरवर्षी एका घरावरून पुढच्या घरावर सरकते. कर्तृत्वाशी तिचा काही संबंध नसतो, त्यामुळे कुणाची हरकतही नसते. बाबांनी कागदावर शिक्का मारला, आणि टीव्हीवर सुमोचे सामने चालू असल्यामुळे बाकीचं कर्तव्य मुलीकडे सोपवलं.

"रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी," खिडकीमागचा माणूस वाचू लागला, "एक लाल, दोन माणसांची, जुनी स्पोर्ट्स कार पुलावरून आळीत शिरते. तिच्या सायलेन्सरच्या आवाजानं वृद्धांच्या छातीत धडधडतं, आणि कुमागाईंच्या मांजरीनं सकाळचं खाणं सोडलं आहे..." त्यानं मान वर केली. "मांजरीचं वय?"

"अकरा."

त्यानं समासात अकरा लिहिलं. अक्षर सुंदर होतं. बोटंही लांबसडक होती—पण ते तिच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

"गाडीचा नंबर?"

"कुणी टिपला नाही. गाडी जाते तेव्हा सगळे कान झाकून घेतात. लिहायला हात मोकळे नसतात."

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि त्या रकान्यात कुठेही न बघता एक नंबर लिहून टाकला. मग शिक्का मारला. मग तो शिक्क्याकडे बघत बसला. "नियमाप्रमाणे गाडीच्या मालकाला चौदा दिवसांच्या आत समक्ष भेटून समज द्यावी लागते."

"मग द्या."

"देतो." तो उठून उभा राहिला. "माझीच आहे ती."

आणि तो इतका खोल वाकला, की त्याचं कपाळ काउंटरवर आपटलं.

तक्रारी पोचवायची तोमोएची ही पहिलीच वेळ होती. अशा वेळी काय बोलतात हे तिला माहीत नव्हतं. "मग... दिलीत का समज?"

"देतोय." तो अजून वाकलेलाच होता. "ऐकेल असं वाटतं. माणूस तसा वाईट नाही."

तिला हसू आलं. ते तिनं छत्रीच्या मुठीत लपवलं. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं—इचिनोसे. वय पस्तिशीच्या आसपास. वर्षभर रोज सकाळी ती या माणसाची गाडी ऐकत होती. शटर वर करून वळेपर्यंत लाल पाठ वळणाआड झालेली असायची. गाडीची नाडी तिला पाठ होती, चालवणारा मात्र आज पहिल्यांदा दिसत होता, आणि तोही कपाळाला टेंगूळ आलेल्या अवस्थेत.

"तुमचा तिसरा प्लग बदलायला झालाय," ती म्हणाली.

"तुम्ही गाडी पाहिलीत?"

"ऐकलीय. आमचं गॅरेज आहे, पुलापलीकडे."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि कान लाल झाले. काउंटर कपाळाला लागला होता, कानाला नाही. पण तोमोएनं त्याचा हिशेब तेव्हा लावला नाही. "कंपनीचा सायलेन्सर परत बसवून द्याल का? ऑक्टोबरअखेर सरकारी तपासणी आहे. आहे तशी गाडी त्यात पास होणारच नाही."

---

गाडी तीस वर्षांची होती. दिवे लावायचे म्हटले की बॉनेटमधून दोन डोळे वर यायचे, बेडकाला कुणी हाक मारल्यासारखे. गाडी लिफ्टवर चढवून तोमोए खाली शिरली. पूर्वीच्या कुणीतरी मूळचा सायलेन्सर काढून त्या जागी भाताच्या पातेल्याएवढ्या तोंडाचा बाहेरचा सायलेन्सर ठोकला होता. आवाज मर्यादेपेक्षा सहा डेसिबलनं वर.

"काढणं सोपं आहे," ती म्हणाली. "त्या जागी लावायचं काय? कंपनीनं हा माल बनवणं बंद केलंय. आधीचा मालक कोण होता?"

"ओगिसो म्हणून. डोंगरात सफरचंदांची बाग आहे त्यांची. विकताना म्हणाले होते, जुना भाग ठेवलाय कुठेतरी."

"मग असणार. आमच्याकडे लोक बायकोचा वाढदिवस विसरतील, पण काढलेला सायलेन्सर टाकून देणार नाहीत."

"तुमचा अनुभव?"

"मी गॅरेजवाली आहे, इचिनोसेसान. बायको नाही कुणाची."

हे वाक्य बोलून झाल्यावर तिला ते जरा जास्तच माहितीपूर्ण वाटलं. तिनं पाना उचलला आणि एक पूर्णपणे घट्ट असलेला नट पुन्हा घट्ट केला.

शनिवारी दोघं डोंगरात गेले. घाटभर गाडीनं एवढा आरडाओरडा केला की बोलणं शक्य नव्हतं, त्यामुळे दोघंही समोरच्या काचेतून बघत राहिले. वायपर एकदा त्याच्या बाजूला जायचा, एकदा तिच्या. गिअर टाकताना त्याचा हात तिच्या गुडघ्यापासून चार बोटांवर यायचा आणि तिथूनच सभ्यपणे परत जायचा. सभ्यपणाचा तोमोएला लहानपणापासून आदर होता. त्या दिवशी थोडा कमी झाला.

ओगिसोआजोबा बागेत शिडीवर होते. त्यांनी गाडी ओळखली, माणूस ओळखला, तोमोएला आपादमस्तक पाहिलं.

"लग्न केलंस वाटतं."

"नाही, आजोबा. या मेकॅनिक आहेत."

"त्यात काय. दोन्ही होता येतं."

तेवढ्यात बागेच्या टोकाला फांद्या हलल्या. आजोबा शिडीवरून अशा चपळाईनं उतरले की त्यांच्या गुडघेदुखीची सगळी प्रमाणपत्रं खोटी ठरावीत. झाडाला तारेनं टांगलेल्या एका लांबोळक्या लोखंडी पिंपावर त्यांनी दांडकं हाणायला सुरुवात केली. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. पाच माकडं तोंडात सफरचंदं धरून, काही घाई नसल्यासारखी, कुंपणापलीकडे गेली.

तोमोए पिंपाजवळ गेली. खाली वाकली. कडेवर बसवलेला कंपनीचा पत्रा बोटानं पुसला.

"इचिनोसेसान," ती म्हणाली, "हाच तुमचा सायलेन्सर."

गाडी गप्प बसावी म्हणून बनवलेली वस्तू बारा वर्षं माकडांच्या नावानं शंख करत होती.

"न्या की," आजोबा म्हणाले. "पण मग मी माकडांना काय सांगू?"

बराच खल झाला. शेवटी ठरलं की बाहेरचा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर निघाला की तो या झाडाला टांगायचा. आजोबांनी त्यावर बोटानं टिचकी मारून नाद तपासला आणि हा सौदा आपल्या फायद्याचा आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. त्यांनी निघताना एकच सफरचंद दिलं. "एकच दिलंय," ते म्हणाले. "कापून खा."

गाडीत सुरी नव्हती. घाटाच्या वळणावर गाडी थांबवून, टपावर पाऊस वाजत असताना, आधी एका बाजूनं तिनं चावा घेतला आणि मग दुसऱ्या बाजूनं त्यानं. मध्ये सफरचंद उरलं होतं तोवर सगळं ठीक होतं... मग ते उरलं नाही, आणि दोघांनाही एकदम घड्याळ बघायची आठवण झाली.

---

आता राहिलं होतं फक्त गॅस्केट—दोन नळ्यांच्या जोडात बसणारी बशीएवढी चकती. तोमोएनं ती मागवली. मंगळवारी ती आली. तोमोएनं ती टेबलाच्या खालच्या खणात ठेवली आणि वर बिलांचा गठ्ठा ठेवला.

संध्याकाळी इचिनोसे चौकशीला आला. "आलं?"

"अजून नाही."

हिराबायाशी गॅरेजमध्ये चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं गेलं नव्हतं. सांगून बघितलं तर फारसं अवघड नसतं, असा शोध तोमोएला लागला.

तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला, येताना लाल चवळीच्या पुरणाचे दोन गरम मासे घेऊन आला—म्हणजे माशाच्या आकाराचे गोड केक. तिनं डोक्याकडून सुरुवात केली, त्यानं शेपटीकडून.

"डोक्याकडून खाणारी माणसं घायकुतीला आलेली असतात म्हणे," तो म्हणाला.

"आणि शेपटीकडून खाणारी?"

"त्यांना संपवायचं नसतं..."

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात पुरण लागलं होतं. ते सांगावं की नाही, यावर तिनं बराच विचार केला, आणि सांगितलं नाही. बघायला बरं दिसत होतं.

खरी सोय वेगळीच होती. गाडी पुलावर आली की आवाज यायचा, आणि पुलापासून गॅरेजपर्यंत नव्वद सेकंद लागायचे. नव्वद सेकंदांत नखांतलं ग्रीस निघतं, टोपी काढता येते, केसांना हात फिरवता येतो, आणि दार उघडेपर्यंत एखाद्या इंजिनावर वाकून 'अरे, तुम्ही होय' असा चेहरा तयार ठेवता येतो. प्रेमात पडणाऱ्या सगळ्याच बायकांना ही सवलत मिळत नाही.

पण सायलेन्सर बसला की सवलत संपणार होती, आणि त्याचं येणंही. काम झालं, तक्रार मिटली, तपासणीचा कागद काचेला चिकटला, की पर्यावरण विभागाच्या माणसाला गॅरेजमध्ये यायचं कारण उरत नाही. ते कारण खालच्या खणात बिलांच्या गठ्ठ्याखाली पडून होतं. ते वापरायचं, तर आधी तोंडानं काहीतरी बोलून ठेवायला हवं होतं. गेली दहा वर्षं तोमोए नटबोल्टांशी बोलत आली होती, आणि त्यांना एवढं सांगावं लागत नाही.

नवव्या दिवशी पुलावर आवाज झाला तेव्हा बाबा चहा पीत होते.

"वाजला पूल," ते म्हणाले.

"कसला पूल?" तोमोए साबण शोधत होती.

"गॅस्केट मागच्या मंगळवारी आलं. सही माझी आहे." ते चहात बघत म्हणाले. "त्याची तपासणीची मुदत शुक्रवारी संपते. मुदत गेलेली गाडी रस्त्यावर आणली तर नोकरीवर येईल त्याच्या. तो नगर कार्यालयात आहे, तमाशात नाही."

तोमोएनं साबण खाली ठेवला. त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा काळ्या हातांनी दार उघडलं. "गॅस्केट आलंय," ती म्हणाली. "उद्या सकाळीच बसवू."

"हो?" तो म्हणाला. आनंदाची बातमी ऐकल्यावर माणसाचा चेहरा असा पडतो का, हे तिला नक्की आठवेना.

गंजलेले बोल्ट तेल पाजून, तापवून, गोंजारून निघाले. सायलेन्सर टांगायच्या नव्या रबरी पट्ट्यांना साबणाचं पाणी लावून तिनं त्या आकड्यांवर सरकवल्या. आजोबांकडचा सायलेन्सर तिनं खरवडून, काळा रंग देऊन ठेवला होता. बारा वर्षांच्या मारानं एका कुशीला पोचे आले होते, पण आतून तो धडधाकट होता. इचिनोसेनं तो दोन्ही हातांनी डोक्यावर तोलून धरला आणि ती त्याच्या हातांखालून, त्याच्या श्वासाच्या अंतरावर, नट आवळत राहिली.

"जड आहे?"

"नाही."

"हात थरथरताहेत."

"तो सायलेन्सरचा दोष नाही," तो म्हणाला.

पाना तिच्या हातातून निसटून खाली पडला. तो उचलायला ती वाकली, आणि वर येईपर्यंत बोलायची वेळ निघून गेली होती. पुढचे तीन नट तिनं गरजेपेक्षा जास्त घट्ट आवळले.

त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी, ती स्वतः गाडी शहरात तपासणीला घेऊन गेली. तपासनिसानं मागच्या नळीजवळ यंत्र धरलं, आकडा बघितला, यंत्र हलवून पुन्हा बघितला. पास.

संध्याकाळी इचिनोसे गाडी घेऊन गेला. वाकला, आभार मानले, आणखी वाकला. तो गेल्याचं तिला मान वर केल्यावर कळलं. आवाज झालाच नव्हता.

---

शुक्रवारी सात दहाला तिनं शटर वर केलं आणि वळली. रस्ता रिकामा होता. गाडी येऊन गेली होती, की अजून यायची होती, की दुसऱ्या रस्त्यानं गेली होती, काही समजायला मार्ग नव्हता. शनिवारी सुट्टी असूनही ती सात वाजल्यापासून कान देऊन उभी होती. कुमागाईंची मांजर कुंपणावर बसून सार्डीन खात होती.

रविवारी दुपारी ती अंगणात, उपड्या बादलीवर बसून, वाळवायची तुरट पर्सिमन फळं सोलत होती. अंगात बाबांचा भोक पडलेला स्वेटर, डोक्याला टॉवेल, पायात दोन वेगवेगळे गमबूट. हात कोपरापर्यंत चिकट. समोर सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं.

इचिनोसे सुटाबुटात उभा होता. मागे रस्त्याच्या कडेला लाल गाडी. नव्वद सेकंद नाहीत, नऊही नाहीत.

त्यानं दोन्ही हातांनी कागदात बांधलेला डबा पुढे केला आणि कमरेत वाकला. "माझ्या गाडीच्या आवाजानं आपल्याला दीर्घकाळ जो त्रास झाला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो."

पद्धतच तशी आहे. तक्रार मिटली की घरोघरी डबा द्यायचा. गाडीच्या सीटवर तेरा घरांचे डबे देऊन रिकाम्या झालेल्या पिशव्या तिला इथूनही दिसत होत्या. हे शेवटचं घर. त्यानं तिलाही त्यांच्यातच धरलं होतं.

"मी हा घेणार नाही," ती म्हणाली.

त्यानं वाकल्या वाकल्याच मान वर केली. असा डबा नाकारल्याचं आजवर कुणी पाहिलेलंही नव्हतं. "चेस्टनटची मिठाई आहे. चालत नसेल तर—"

"मिठाई चालते. क्षमा चालत नाही." टॉवेल डोळ्यांवर घसरत होता, तिनं तो कोपरानं मागे ढकलला. "या घराला काही त्रास झालेला नाही."

"अर्जावर शिक्का..."

"तो पाळीचा शिक्का होता. माझा नव्हता." आणि आता थांबलं तर पुन्हा पाना पडेल हे ओळखून ती बोलत सुटली. "गॅस्केट पहिल्याच मंगळवारी आलं होतं. मी नऊ दिवस लपवून ठेवलं. तुम्ही येणं बंद कराल म्हणून. आता मला तुमचा आवाज येत नाही, आणि सकाळचं काही खरं वाटत नाही. तक्रार करायची असेल तर करा. अर्ज तुमच्याच खिडकीवर द्यावा लागतो."

तो सरळ झाला. डबा छातीशी धरला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "गॅस्केटचं. तुमचे बाबा पुढच्याच दिवशी कार्यालयात आले होते. म्हणाले, माल आलाय, पण तुम्ही घाई करू नका."

घरातून टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला.

"आणि... तुमच्या गॅरेजसमोर मी गिअर खाली टाकायचो," त्यानं सांगून टाकलं. "रोज. तिथे चढ नाही, वळण पुढे आहे. काही गरज नव्हती. पण त्या आवाजाला तुम्ही शटर सोडून वळायचात. आरशात दिसायचं."

"मी गाडी बघायला वळायचे."

"ते ठाऊक होतं. म्हणून तर एक वर्ष काही बोललो नाही." त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला. "तुम्ही तक्रार घेऊन आलात तेव्हा वाटलं, झालं... पोचलं यांच्यापर्यंत."

तोमोएला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं, आणि पुसायला हात चिकट होते. त्यानं खिशातून रुमाल काढला. द्यावा की आपणच पुसावं, यावर त्याचा क्षणभर गोंधळ झाला. मग त्यानं आपणच पुसलं. सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जिथे पाणी नव्हतं तिथेही.

"तोमोए," आतून बाबांचा आवाज आला, "क्षमा परत कर आणि डबा ठेवून घे. चहा टाकलाय मी. तिघांचा."

---

सोमवारी नदीवर दाट धुकं होतं. सात वाजताच तोमोए शटर वर करून रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. ऐकू येणार नाही म्हटल्यावर बघायला उभं राहणं आलंच. केस विंचरलेले होते. टोपी घातली नव्हती.

कुमागाईकाकू अंगण झाडत होत्या.

"बस चुकली का गं?"

"नाही, काकू."

"काही हरवलंय?"

"नाही."

काकूंनी झाडलेली जागा पुन्हा झाडायला घेतली. पुलावर, धुक्यात, दोन दिवे दिसले. गाडी अलगद आली आणि तोमोएच्या समोर थांबली. काच खाली झाली. आतला माणूस काहीतरी म्हणाला, तोमोए वाकून काहीतरी म्हणाली, आणि मग खिडकीवर टेकलेलं कोपर तिनं उचललंच नाही. आळीतल्या खिडक्यांचे पडदे एकेक करून दोन बोटं सरकले. वर्षभर गाडी एवढी कोकलत होती, तेव्हा कुणाला म्हणून काही कळलं नव्हतं.

"बिघडली का गाडी?" काकूंनी झाडूवर रेलून विचारलं.

तोमोए सरळ झाली. हा प्रश्न चौदा घरांच्या वतीनं विचारला गेला होता, तेव्हा उत्तरही तेवढ्या घरांना ऐकू जाईल असं देणं भाग होतं.

"नाही, काकू. मला भेटायला थांबलेत. आता रोज थांबतील."

"रोज," काकू म्हणाल्या. "किती वाजता?"

"सात दहाला."

काकूंनी विचार केला. "मग मी झाडायला सात पाचला घेत जाईन," त्या म्हणाल्या. "पानं फार पडायला लागलीयेत अलीकडे."

त्यांच्या दारातल्या झाडावर एव्हाना तीन पानं शिल्लक होती.